शेषरावांच्या विचारांची मंगलाष्टके

पेन्शन सुरू होऊन आता दोन महिने झाले, म्हणून हे सांगायला हरकत नाही. गावाचं नाव मात्र विचारू नका. धाडच्या बाजाराला जिथली माणसं पायी जातात आणि बैलगाडीत जागा मिळाली तर बसून परत येतात, एवढं पुरे. तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी हेडमास्तर होतो. शिक्षक दोनच. एक मी आणि दुसरे किसनराव. मी त्यांच्या आधी दीड वर्ष रुजू झालो होतो, एवढ्यावर मी हेडमास्तर झालो होतो.

पण पंचक्रोशीत माझं नाव होतं ते त्या पदामुळे नव्हे. माझं नाव होतं मंगलाष्टकांमुळे. लग्न ठरलं की लोक आधी वाजंत्री ठरवत, मग आचारी, आणि मग माझ्याकडे येत. नवरदेवाचं नाव, नवरीचं नाव, दोन्हीकडचे आजे, मामा आणि रुसण्याची शक्यता असलेला एखादा काका, इतक्या सगळ्यांना शार्दूलविक्रीडितात बसवून मी आठ श्लोक करून देत असे. खाली डाव्या कोपऱ्यात ‘रचना : अर्जुनराव’ असं झोकदार अक्षरात लिहीत असे. लग्नानंतर लोक पंगतीत म्हणत, “गुर्जी, काय लिहिता तुमी.” मी मान खाली घालून कढी वाढून घेत असे. वीस वर्षं हे चाललं होतं आणि आपण कवी आहोत याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती.

सदुसष्ट सालच्या निवडणुकीला आमच्या गावचे शेषराव आमदारकीसाठी अपक्ष उभे राहिले. शेषराव म्हणजे मोठे शेतकरी. शाळेवरचे पत्रे त्यांनी दिलेले होते आणि पाऊस पडला की ते शाळेत येऊन वर बघत. निशाणी त्यांनी बैलजोडी मागितली होती. ती आधीच दुसऱ्यांची आहे आणि तो पक्ष बराच मोठा आहे, हे त्यांना कचेरीत समजलं. मग त्यांना शिडी मिळाली.

एका सकाळी शाळा भरायच्या वेळेला ते आले आणि माझ्या खुर्चीत बसले.

“गुर्जी, बुलढाण्याले एक पेपरवाला भेटला. म्हणे, महत्त्वाच्या प्रश्नांवर तुमचे विचार काय हायेत? मी म्हटलं, उद्या सांगतो.”

“मग सांगितलेत काय?”

“त्याले आठ दिवस झाले. काय सांगू, तेच तर तुमाले विचाराले आलो.”

मी उठलो आणि कपाटातून परिपत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. जिल्हा परिषदेच्या कोणत्याही कर्मचाऱ्याने कोणत्याही उमेदवाराचा कोणत्याही प्रकारे प्रचार केल्यास त्यास नोकरीतून कमी करण्यात येईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ‘कोणत्याही’ तीनदा आलं होतं. माझ्या घरी शेती नाही, दुकान नाही, सासऱ्यांचं काही येणं नाही. नोकरी गेली तर मी आणि आमची सत्यभामाबाई रोज सकाळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार, हे उघड होतं.

शेषरावांनी परिपत्रक उलटं धरून वाचलं आणि परत केलं. “प्रचार कोण कराले सांगते? विचार माझे. अक्षर तेवढं तुमचं.” आणि त्यांनी वर पत्र्यांकडे पाहिलं.

मी वही काढली. किसनराव मुलांना पाढे घालून दाराशी येऊन उभे राहिले.

“पाण्याबद्दल तुमचा विचार?”

“पाह्यजे.”

“वीज?”

“पाह्यजे.”

“रस्ता?”

“पाह्यजे. डांबरी.”

पहिल्यांदाच विचाराला विशेषण लागलं, म्हणून मी ते अधोरेखित केलं. पुढे सीलिंगचा कायदा विचारला. जमीन किती ठेवावी यावर सरकारनं मर्यादा घातली होती आणि शेषरावांची जमीन तीन गावांत होती. त्यांनी बराच विचार केला. “कायदा चांगला हाये. पण मोजाले कोणी येऊ नये.” दारूबंदी? “असावी. पण लोकायच्या मांगं लागू नये.” वेगळा विदर्भ? “ते घाट पाहून सांगू. घाटाखाली पाह्यजे, घाटावर नोको.” घाटानं आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि आम्ही घाटावरचे. इंग्रजी पाचवीपासून की आठवीपासून, हा तेव्हा आम्हा शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. मी तो मोठ्या उत्सुकतेनं विचारला. शेषराव म्हणाले, “तुमाले कधीपासून येते?” तो प्रश्न मी यादीतून काढून टाकला.

“कुटुंबनियोजन?”

“तीन पोरं पुरे,” शेषराव म्हणाले. त्यांना नऊ होती. किसनराव दारात खोकले. “आतापासून म्हणतो मी,” शेषराव म्हणाले, “मांगचं सोडा.”

शेवटी ते स्वतःच म्हणाले, “अन् रेल्वे. खामगाव ते जालना.”

“रेल्वे दिल्लीच्या हातात असते, शेषराव. आमदाराच्या नाही.”

त्यावर शेषरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “माझ्या आज्यानं त्या गाडीची वाट पाह्यली. बापानं पाह्यली. आता मी पाहून राह्यलो. मी तिचा विचार बी करू नये काय, गुर्जी?”

मी मुकाट्यानं रेल्वे लिहून घेतली. खरं सांगायचं तर सगळ्या विचारांमध्ये तो एकच विचार मला विचारासारखा वाटला.

त्या वहीवरून मी दोन पानांचं भाषण केलं. शेषरावांनी ते ऐकून ऐकून पाठ केलं. मारुतीच्या पारावर सभा झाली. माणसं आली अकरा, त्यातली चार भोंगा बघायला. शेषराव “बंधू आणि भगिनींनो” म्हणाले, समोर एकही भगिनी नाही असं त्यांच्या लक्षात आलं, आणि तिथं जे अडकले ते अडकलेच. शेवटी “तुमाले तर सारं माहीतच हाये” असं म्हणून खाली उतरले. बाकीचा गाव त्या संध्याकाळी एका लग्नाला गेला होता. सभा संपल्यावर शेषरावही तिकडेच गेले आणि भोंगाही गेला, कारण तो तिथूनच आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव घरी आले. त्यांचे डोळे चमकत होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

“गुर्जी, सभेले अकरा माणूस. लग्नाले पाचशे. अन् लग्नात मंगलाष्टकं चालू असली का सारे उभे राह्यतात. चूप. हातात अक्षता. कोणी हलत नाही, कोणी जात नाही. असे मतदार मले अजून कुठं सापडतीन?”

मला आधी कळेना. मग कळलं, आणि मी “नाही” म्हणालो. अगदी स्पष्ट म्हणालो. परिपत्रकातला तिन्ही वेळचा ‘कोणत्याही’ मी त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला.

“माझ्या साडूच्या पोरीचं लग्न हाये. माणिकरावच्या. नवरदेव घाटाखालचा, धामणगाव बढ्याचा. दोन तालुक्याचे लोक येतीन. तुमचे श्लोक भोंग्यावर जातीन, गुर्जी. घाटावर बी अन् घाटाखाली बी.”

आता इथं माझा पाय घसरला, हे मी कबूल करतो. माझे श्लोक आजवर घाटाखाली उतरले नव्हते. शेषराव गेल्यावर मी दौतीत शाई आहे का ते पाहिलं.

सत्यभामाबाईनं चुलीपाशी सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, “नोकरी गेली तर काय शिजवू? श्लोक?” मी तिला समजावलं की काव्य आणि प्रचार या वेगळ्या गोष्टी आहेत. ती म्हणाली, “ते सायबाले समजते काय?” आणि पुन्हा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचे चार दिवस मी जे हाल सोसले ते सोसायला शत्रूलाही सांगणार नाही. ‘सीलिंग’ हा शब्द शार्दूलविक्रीडितात बसतो, पण नवरदेवाच्या आजोबांशेजारी बसत नाही. ‘दारूबंदी’ बसली, पण तिच्या मागून लगेच व्याह्यांचं नाव येत होतं आणि ते व्याह्यांनी मनाला लावून घेतलं असतं. शेवटी श्लोक अकरा झाले. त्यातला मला सगळ्यात साधलेला हा :

पाण्याची सुविधा घरोघर हवी, रस्ता हवा डांबरी
खेड्याला विजही मिळो झडकरी, ज्वारी मिळो पांढरी
येवो रेलहि जालन्याहुन इथे, राहो सुखी ही वधू
शेषाची शिडि ही चढो वर जरा, कुर्यात् सदा मंगलम्

पांढऱ्या ज्वारीचं कारण असं की त्या वर्षी रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळत होता आणि त्याच्या भाकरीला आमच्याकडे कोणी भाकरी म्हणत नसे. शेषरावांना श्लोक आवडला. “पण शिडी कशी चढंन? माणूस चढते शिडीवर,” एवढंच ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की काव्यात चालतं. पुढच्या श्लोकात कुटुंबनियोजन होतं. ‘तीनांहून अधीक बालक नको, आशीष हा आमुचा’. लग्नात वधूवरांना असा आशीर्वाद बहुधा जगात पहिल्यांदाच मिळणार होता, आणि वराची आई तो ऐकून काय करील या विचारानं मी दोनदा लेखणी उचलली. पण ओळ इतकी सरळ उतरली होती की मला ती खोडवेना.

किसनराव मला एकच गोष्ट म्हणाले. “गुरुजी, लिहायचं तर लिहा. पण सही करू नका, आणि अक्षर बदला.” किसनराव बौद्ध. त्यांच्याकडे लग्नं बुद्धवंदना म्हणून आणि फुलं टाकून होतात. “आमच्याकडे असतात तर तुम्ही या भानगडीत पडलाच नसता,” असंही ते म्हणाले. सल्ला मला पटला. मी अकराच्या अकरा श्लोक डाव्या हातानं लिहिले. ते घेऊन पुंजाजीकडे गेलो. पुंजाजी म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे बुवा. आवाज पहाडी, लग्नात मंगलाष्टकं तेच म्हणत. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उन्हात धरला. “गुर्जी, हे तुमी लिवलं का कोंबडीनं?” असं ते म्हणाले.

माझ्या अक्षराबद्दल असं आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. मी घरी आलो आणि उजव्या हातानं, वळणदार अक्षरात, ताज्या शाईनं सगळं पुन्हा लिहून काढलं. तो राग उतरेपर्यंत लेखणी कागदाच्या डाव्या कोपऱ्यात पोचली होती आणि वीस वर्षांची सवय असलेल्या हातानं तिथं ‘रचना : अर्जुनराव’ असं लिहून टाकलं होतं. हे मला कळलं तेव्हा कागद पुंजाजीकडे पोचलेला होता.

माणिकरावांच्या रुख्मिणीचं लग्न दुपारी बाराच्या मुहूर्तावर होतं. मांडव भरला. धामणगावचे वऱ्हाडी ट्रकमधून आले होते आणि त्यांना उन्हात थांबावं लागल्यामुळे ते आधीच तापलेले होते. लोकांच्या मुठीत रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता. अंतरपाट धरला. भोंगा खरखरला आणि पुंजाजींनी गणपतीचा श्लोक धरला. पहिले दोन श्लोक सरळ गेले. मग तिसऱ्याला पाणी आलं, रस्ता आला, ज्वारी आली. मी खांबाआड उभा होतो. भीती होतीच, आणि खोटं कशाला बोलू, तिच्यात थोडा आनंदही होता. माझे शब्द भोंग्यातून थेट गावठाणापर्यंत जात होते. ‘शेषाची शिडि’ आली तेव्हा शेषराव हात जोडून चारी दिशांना वळले. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ‘सावधान’ झालं, लोकांनी अक्षता टाकल्या.

मग तीन मुलांचा श्लोक आला. मी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनी मी वराच्या आईचा आवाज, व्याह्यांचा आवाज, ट्रक सुरू होण्याचा आवाज, यातलं जे काही आधी येईल त्याची वाट पाहिली. काहीच आलं नाही. डोळे उघडले. वराची आई डोक्यावरचा पदर सावरत होती. श्लोक संपला आणि तिनं अक्षता टाकल्या. सहाव्या श्लोकानंतर धामणगावचा एक म्हातारा एवढंच म्हणाला, “आटपा ना बे.” अकरावा संपला, वाजंत्री वाजली, लग्न लागलं. मी सुटलो असं मला वाटलं. पंगतीत तीन जण मला म्हणाले, “गुर्जी, काय लिहिता तुमी.” मी कढी वाढून घेतली.

घात केला तो बुंदीनं. पंगती उठल्यावर घरी न्यायला लोकांना बुंदी बांधून देत होते. कागद संपले. पुंजाजींनी आपल्या खिशातला कागद काढून आचाऱ्याला दिला, आणि त्या कागदात बांधलेली बुंदी भगवानरावांच्या वाट्याला आली. भगवानराव म्हणजे दुसऱ्या उमेदवाराचे गावातले खास माणूस. त्यांनी घरी जाऊन बुंदी खाल्ली, मग तुपानं पारदर्शक झालेला कागद वाचला, आणि मग तो अर्जाला जोडून पंचायत समितीत दिला.

निवडणूक झाली. शेषराव पडले. ते त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. “रेल्वे राह्यली फक्त,” म्हणाले. मी मात्र हबकलो होतो. ‘आपल्याविरुद्ध तक्रार प्राप्त झाली असून चौकशीसाठी विस्तार अधिकारी येत आहेत’ असं पत्र मला आलं, आणि साहेब येईपर्यंत बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत गावात ज्याला त्याला माझ्या नोकरीची काळजी पडली. एक जण म्हणाला, आजारी पडा. दुसरा म्हणाला, अर्जुनराव नावाचा धाडला दुसरा एक जण आहे, त्याच्यावर ढकला. माणिकराव म्हणाले, लग्नच झालं नाही म्हणून सांगतो. मी म्हटलं, मुलगी सासरी गेली आहे. ते म्हणाले, ते बी खरं. घरात सत्यभामाबाई ताट वाढायची आणि अर्धं परत न्यायची. श्लोकांवरून एक शब्दही बोलली नाही.

विस्तार अधिकारी साहेब साताऱ्याकडचे. सायकलवरून आले, शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून बसले आणि तुपाचा कागद पुढे धरला.

“अक्षर तुमचं?”

“हो.”

“सही तुमची?”

“हो.” वीस वर्षांत पहिल्यांदाच मला ती सही कुरूप दिसली.

“रचना प्रचाराची आहे, हे उघड आहे. आता हे लग्नात म्हटलं गेलं की नाही आणि लोकांवर त्याचा परिणाम झाला की नाही, तेवढं पाहायचं आहे. झाला असेल तर मला दुसरं काही करता येणार नाही, गुरुजी.” साहेब वाईट नव्हते. पण परिपत्रक त्यांच्याही कपाटात होतं.

पहिले साक्षीदार माणिकराव. “मी पोरीचा बाप, सायेब. मंगलाष्टकं चालू असताना मले कायी ऐकू येत नसते. माझं ध्यान आचाऱ्याकडं होतं.”

मग पुंजाजी. मला वाटलं, इथं मी संपलो, कारण या माणसानं ते तोंडानं म्हटलं होतं. पुंजाजी म्हणाले, “मी म्हणतो, सायेब. ऐकतो थोडाच? अक्षर दिसते, सूर लागते, तोंडातून निंघून जाते. सावधान आलं का थांबतो.”

“पण शब्द? रस्ता, ज्वारी, शिडी?”

“असतीन. श्लोकात काय बी असते.”

किसनराव म्हणाले, “आमच्याकडे फुलं टाकतात, साहेब. अक्षता कधी टाकायच्या ते मी शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून ठरवत होतो. शब्दांकडे पाहायला सवड नव्हती.”

नऊ जण झाले. कोणी पायाला चटके बसत होते म्हणाले, कोणी पंगतीत जागा धरायची होती म्हणाले. शेवटी साहेबांनी खुद्द भगवानरावांना पुढे बोलावलं.

“तुम्ही लग्नात होता?”

“हाव.”

“कुठं उभे होता?”

“भोंग्याखाली.”

“मग तिथल्या तिथं हरकत का घेतली नाही? ऐकलंत ना?”

भगवानराव अडखळले. माणूस विरोधी पक्षाचा खरा, पण खोटं बोलणारा नव्हता. “आवाज ऐकला,” ते म्हणाले.

“शब्द?”

“मंगलाष्टकाचे शब्द कोण ऐकते, सायेब?”

ओट्यावर जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. अगदी मनापासून डोलावल्या. माझे मित्र, माझे शेजारी, पंगतीत ‘काय लिहिता तुमी’ म्हणणारे ते तिघेही. मला वाचवण्यासाठी नव्हे, खरं बोललं जातंय म्हणून ते डोलावत होते.

साहेबांनी विचारलं, “बायांपैकी कोणी?” पुढे झाली ती आमचीच सत्यभामाबाई. डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मले काय समजते, सायेब, त्यातलं? मी अक्षता टाकत होती.” इतरांचं मी सोसलं होतं. हे मात्र आत कुठेतरी लागलं.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. “गुरुजी, तुमच्या बचावात दोन ओळी लिहून द्या. ‘मी रचलेली मंगलाष्टके आजवर कोणीही ऐकलेली नाहीत.’ खाली सही.” मी लेखणी हातात धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. वीस वर्षांची मंगलाष्टकं, घाटावरची सगळी लग्नं. मग नोकरी डोळ्यांपुढे आली, आणि मी लिहिलं. अक्षर वळणदारच आलं. साहेबांनी त्याखाली लिहिलं, ‘सदर रचना ऐकल्याचे एकाही उपस्थितास आठवत नाही. सबब प्रचार झाला असे म्हणता येत नाही. प्रकरण बंद.’ मला म्हणाले, “वृत्त मात्र चांगलं सांभाळलंय.” आणि सायकलवर बसून गेले.

नोकरी राहिली. छातीवरचा धोंडा उतरला. मी भराभर घरी आलो आणि चुलीपाशी पाटावर बसलो, आणि मग बसूनच राहिलो. सत्यभामाबाई भाकरी थापत होती.

“सुटलो एकदाचा,” मी म्हणालो.

“हाव.”

“पण काय गं, कोणीच ऐकत नाही. एवढी वर्षं मी भिंतीला लिहीत होतो.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि दुसरा गोळा घेऊन थापता थापता गुणगुणायला लागली. चाल पुंजाजींची होती. “येवो रेलहि जालन्याहुन इथे, राहो सुखी ही वधू...”

मी पाटावरच सरळ झालो. “तू तर साहेबांना सांगितलंस, काही समजत नाही म्हणून.”

“मंग काय सांगू? सारं पाठ हाये म्हणू? अन् उद्या तुमाले घरी बसवून ठेवू?” तिनं भाकरी उलटली. “आपल्या लग्नाची बी पाठ हायेत. तुमीच लिवली होती. अंतरपाटामांगं नवरीले दुसरं काय काम असते? साऱ्या गावाचं ध्यान पंगतीकडं असते. नवरीच तेवढी ऐकते.”

मी पाट तिच्याकडे ओढला.

“रुख्मिणीनं बी ऐकलं. लग्नानंतर मांडवपरतणीले माहेरी आली होती ना, तवा. मले म्हणे, काकू, गुर्जीनं तीनच काऊन म्हटलं? मी म्हटलं, हे कोणापाशी बोलू नोको, तुया गुर्जीची नोकरी जाईन. ती म्हणे, बोलत नाही. पण तीन बराबर हायेत म्हणे.”

भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात टाकली, वर ठेचा ठेवला आणि पुढे म्हणाली, “एक सांगू? रेल्वे अन् नवरी एका ओळीत घेतली, ते बरं नाही केलं. पोरीले वाटते, गाडी येईस्तोवर सुख नाही.”

बारा दिवसांनी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. चौथी भाकरी मागताना मी तिला विचारलं, की मग तिसऱ्या ओळीत काय घालायला हवं होतं.